मुरमाचा डंपर

सांगलीला पूर ऑगस्टमध्ये येतो, असं आपण धरून चालतो. माझ्या डोळ्यांदेखत तो जानेवारीत येताना दिसला. टळटळीत दुपार, नाल्याकडेचा एक सखल प्लॉट, आणि पाठीमागचा फाळका उघडून उभा राहिलेला डंपर. तांबडा मुरूम धाडकन खाली आला, धुरळा उडाला, पोरानं पाटी हलवून चालकाला खूण केली आणि पुढचा डंपर मागं यायला लागला. संध्याकाळपर्यंत तो प्लॉट शेजारच्या पत्र्याच्या घराच्या खिडकीएवढा उंच झाला होता.

त्या घरातल्या मावशी दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "त्यांचं वर आलं म्हंजे आमचं खाली गेलं की ओ."

पुरावर आजवर जेवढं ऐकलं-वाचलं, त्यात इतकं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

हिशेब करून बघा. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. त्यावर 4 फूट भराव टाकला, तर 4356 घनफूट जागा भरली. म्हणजे सुमारे सव्वा लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे बारा टँकर, जे पुरात त्या प्लॉटवर थांबलं असतं. आता ते थांबणार नाही. ते कुठंतरी जाणारच, आणि पहिलं जाणार ते मावशींच्या दारात. एका गुंठ्यानं कृष्णेची पातळी हलत नाही, हे मलाही कळतं. पण हे शहर गुंठ्यागुंठ्यानंच वाढलं आहे. गुंठेवारी हा शब्द सांगलीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्या सखल रानात आणि ओढ्यांच्या कडेला पुराचं पाणी चार दिवस पसरून निघून जायचं, तिथंच आपण प्लॉट पाडले. जे नाले शहराचं पाणी नदीला नेऊन घालायचे, त्यांची गटारं केली. नदी चढली की हेच नाले उलटे वाहायला लागतात आणि पाणी पुढच्या दारानं न येता परसातून घरात शिरतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता, पुरात बुडणाऱ्या भागांची ही नावं इथल्या पोराटोरांनाही पाठ आहेत.

पावसाळ्यात आपण एकमेकांना एकच विचारतो: "आयर्विनला किती झालं?" कृष्णेवरचा 1929 सालचा हा पूल आमची मोजपट्टी आहे. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेलं, 2019 साली 57 च्या वर, 2021 साली पुन्हा 54 च्या वर. 2005 च्या पुरात हरिपूर-सांगलीवाडीच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांत, पाणी शिरलं. ज्या जमिनीनं पिढ्यानपिढ्या हळद कोरडी राखली होती, तिनंच तेव्हा हात टेकले. आणि 2019 च्या 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली, 17 माणसं गेली. ती घर सोडून सुरक्षित जागी निघाली होती. हे आठवलं की मला आजही पुढचं वाक्य सुचत नाही.

आता खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेलं अलमट्टी. त्या धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटरवर न्यायला महाराष्ट्रानं विरोध करावा, ठणकावून करावा. दोन्ही राज्यांनी पावसाळ्यात धरणांचं पाणी तासातासाला एकमेकांना कळवावं. हरिपूरला वारणा येऊन मिळते, पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा, आणि तिन्ही नद्या एकदम फुगल्या की सांगलीचं पाणी पुढं सरकत नाही. त्यात खालच्या धरणाचा फुगवटा नको, ही भीती रास्त आहे. पण 2019 च्या पुरानंतर सरकारनंच नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. तिनं अफाट पावसाकडं आणि पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांकडं बोट दाखवलं. त्यातल्या पहिल्यावर आपला इलाज नाही. दुसरं आपल्या हातातलं आहे, आणि त्यावरच कुणी मोर्चा काढत नाही. कर्नाटकाविरुद्ध बोलायला सगळे एका व्यासपीठावर येतात. शेजारच्या डंपरविरुद्ध बोलायला मावशी एकट्या.

नियम नाहीत असं नाही. निळी रेषा आहे, लाल रेषा आहे. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. पण रेषा कागदावर राहते आणि मुरूम जमिनीवर पडतो. बांधकामाची तक्रार होते तेव्हा भिंती उभ्या असतात, आत माणसं राहायला आलेली असतात, आणि राहत्या घरावर बुलडोझर घाला असं मीही म्हणणार नाही. म्हणूनच थांबवायचं ते भरावाला. तो पहिला असतो आणि त्यात अजून कुणाचा संसार नसतो.

आणि तो थांबवणं अवघड नाही. मुरूम हे गौण खनिज आहे. त्याची रॉयल्टी भरावी लागते, वाहतुकीचा पास काढावा लागतो, आणि मुरूम कुठून निघाला, कुठं चालला हे त्या पासावर लिहावं लागतं. म्हणजे पास काढून भरलेला प्रत्येक खड्डा सरकारी दप्तरात आधीच नोंदलेला आहे. महसूल खात्यानं ते पत्ते पूररेषेच्या नकाशावर ठेवून बघावेत. निळ्या रेषेच्या आतला पत्ता असेल तर पास नाही. पासाशिवाय डंपर दिसला तर जप्त. याला जागतिक बँकेचं कर्ज लागत नाही, लवाद लागत नाही, दिल्लीची वारी लागत नाही. तहसील कचेरीतलं एक टेबल आणि महापालिकेतलं एक टेबल, एवढ्यांनी एकमेकांशी बोलायचं आहे.

रस्त्यांचंही तेच. जुना थर न खरवडता दर वेळी वर नवा थर चढवतात आणि दोन्ही बाजूंचे उंबरे रस्त्याखाली जातात. घरमालक मग उंबरा वाढवतो, ज्याला परवडत नाही तो पोती लावतो. पुरानंतर सानुग्रह अनुदानाच्या पंचनाम्यात पाणी किती दिवस होतं हे विचारतात. शेजारचा प्लॉट किती फूट उचलला, याचा रकाना त्यात नाही. तो असायला हवा.

परवा पुन्हा तिकडून गेलो. मुरमावर रोलर फिरून झालाय, कोपऱ्यांवर चुना टाकून आखणी झालीय. मावशींनी गवंडी बोलावलाय. दाराशी विटांचे दोन थर लावून झालेत, तिसऱ्याला पैसे पुरतील का याचा हिशेब चाललाय. आतल्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची मळकट रेघ अजून तशीच आहे, देवांच्या फोटोंच्याही वर. गवंड्यानं विचारलं, "कुठवर घेऊ?" मावशींनी त्या रेघेकडं पाहिलं, मग शेजारच्या प्लॉटकडं, आणि म्हणाल्या, "त्यांचं किती वर येतंय ते आधी बघू दे."