ईसीएमवाले तात्या

धाराशिव जिल्ह्यात चारचाकी बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभी राहिली की सगळ्यांत आधी तिथं मेकॅनिक पोचत नाही, तात्या पोचतात. गाडी येरमाळ्याच्या घाटात बंद पडो, येडशीजवळ पडो, नाहीतर उमरग्यात हैदराबादच्या रस्त्यावर. गाव बदललं की नाव बदलतं, कुठं ते अण्णा असतात, कुठं दादा. माणूस मात्र तोच. आपण सोयीसाठी तात्या म्हणू. पांढरा शर्ट, खिशात कंगवा, आणि कंगव्याला टेकून निळ्या रंगाचा बोटभर डोंगल.

तात्या आधी गाडीला एक पूर्ण प्रदक्षिणा घालतात. टायरला लाथ मारतात. त्याचा इंजिनाशी काही संबंध नाही, पण मारतात. मग ड्रायव्हरला म्हणतात, "सेल्फ मारा." इंजिन कर्र-कर्र फिरतं, उठत नाही. तात्या डोळे मिटून ऐकतात आणि हात वर करतात. "बास. कळलं."

"काय झालंय, तात्या?"

"ईसीएम गेलाय."

इंजिनाचा कॉम्प्युटर म्हणजे हा ईसीएम. अॅल्युमिनियमचा चपटा डबा, कुठल्या गाडीत बॅटरीशेजारी, कुठल्या गाडीत डॅशबोर्डच्या आत. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे सगळं तो ठरवतो. तो दिसत नाही, हलत नाही, आवाज करत नाही. आणि नेमकं हेच तात्यांच्या पथ्यावर पडतं. पूर्वी आमच्याकडं पोराचा ताप उतरेना किंवा म्हैस आटली की जाणता माणूस हलक्या आवाजात म्हणायचा, "बाहेरचं दिसतंय." त्या निदानाला पुरावा लागत नसे, ते खोटंही ठरत नसे, आणि सांगणाऱ्याचा मान वाढत असे. आता ताप आला की लोक पोराला दवाखान्यात नेतात. बाहेरचं सांगायला गाड्या तेवढ्या उरल्या.

तात्यांचं आणि ईसीएमचं वैर मात्र जुनं आहे. एकेकाळी ते नळदुर्ग-तुळजापूर रस्त्यावर वडाप चालवत. जीप कमांडर, डिझेल, साधा मेकॅनिकल पंप. आत दहा, मागं लटकलेले चार, टपावर शेळी. ती गाडी बंद पडली तर पान्यानं, तारेनं, शिवीनं किंवा उतारावर ढकलून चालू व्हायची. बॅटरी मेली तरी अडत नसे. एकदा उठली की विजेवाचूनही जीप तुळजापूर गाठायची. मग गाड्यांत सेन्सर शिरले. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं, तेव्हा तर धुराड्यात आणखी सेन्सर बसले. ज्या विद्येवर तात्या पंचक्रोशीत ओळखले जायचे, ती या डब्यानं एका झटक्यात निकामी केली. तेव्हा कुठंही गाडी अडली की तात्यांना वाटतं, गेला असावा; आणि खरं सांगायचं तर, जावा.

डोंगल आल्यापासून त्यांचा आत्मविश्वास आणखी वाढलाय. स्टिअरिंगच्या खाली सोळा खाचांचं एक सॉकेट असतं. तात्या गुडघे टेकून, डोकं पेडलपाशी घालून डोंगल तिथं खुपसतात. मोबाईलवर चक्र फिरतं, गर्दी वाकते. पडद्यावर उमटतं: पी-०३३५. म्हणजे क्रँकशाफ्टच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. सर्किट म्हटलं की त्यात सेन्सर आला, वायर आली, प्लग आला. चौकशी कुठून सुरू करायची, एवढंच तो कोड सांगतो. तात्या तो निकाल म्हणून वाचून दाखवतात. शिवाय मजकूर इंग्रजीत असल्यानं कुठलाही कोड असो, त्याचा मराठी अर्थ एकच.

यावर त्यांचा पहिला उपाय फुकट आहे. "टर्मिनल काढा. पंधरा मिनिटं थांबा. डोकं थंड होऊ द्या त्याचं." गर्दी चहा पिते. तात्या टर्मिनल लावतात, सेल्फ मारतात आणि गाडी चक्क चालू होते! लोक तात्यांकडं ज्या नजरेनं बघतात ती निवडून आलेल्या सरपंचाच्याही वाट्याला येत नाही. थंड झालेला असतो क्रँकचा सेन्सर. तो आतून खराब व्हायला लागला की इंजिन तापल्यावर मरतो आणि निवल्यावर जिवंत होतो. टर्मिनल न काढता नुसता चहा प्यायला असता तरी गाडी उठली असती. पुढं वीसेक किलोमीटरवर ती पुन्हा बंद पडते, पण तिथले तात्या वेगळे असतात.

फुकटचा उपाय लागू पडला नाही तर दुसरा. "नवा ईसीएम घेऊ नगा, लई पैसं मागतेत. कुर्ल्याला आपला माणूस हाय." कुर्ल्याच्या भंगारातून तशाच गाडीचा जुना डबा येतो, खोबऱ्याच्या पोत्यासोबत ट्रॅव्हल्सनं. बसतोही अगदी बरोबर. चावी फिरवली की डॅशबोर्डवर चावीचं लाल चित्र लुकलुकतं आणि इंजिन दाद देत नाही. कारण चोरी होऊ नये म्हणून गाडीला इमोबिलायझर असतो. चावीतली चिप, तिची खूण आणि ईसीएम यांची आधीच ओळख करून द्यावी लागते. कुर्ल्याचा डबा आपल्या जुन्या मालकाच्या चावीची वाट बघत बसतो. तात्या म्हणतात, "ह्यो बी गेलेलाच धाडला भाड्यानं."

गेल्या नवरात्रात तुळजापूरच्या अलीकडं पुण्याच्या पाहुण्यांची गाडी अशीच अडली. आई, सासू, दोन लेकरं, ओटीचं सामान. तात्यांनी डोंगल लावला तर एक नाही, आठ कोड. थ्रॉटल, पेडल, हवेचा दाब, एसीचा दाब, सगळे सेन्सर एकदम आजारी. तात्यांचा चेहरा उजळला. "आवं पाव्हणं, एक सेन्सर जाईल, दोन जातील. आठ कसं जातील? मेलाय बगा त्यो." तर्क ऐकायला बिनतोड होता. पाहुण्यांनी कुर्ल्याचा भाव विचारायला सुरुवात केली होती.

तेवढ्यात कुणीतरी बॅटरीवाल्या चाचांना मोटारसायकलवर बसवून आणलं. चाचा म्हणजे तात्यांच्या विरुद्ध टोक. बोलत नाहीत. जवळ एक टेस्ट लॅम्प, एक मल्टिमीटर आणि चष्म्याची एकच काडी. त्यांनी मोबाईल बघितला आणि एवढंच विचारलं, "मेलाय म्हणताव, तात्या. मग ही आठ नावं कुणी सांगितली?"

हा प्रश्न मला आजवर ऐकलेल्या उलटतपासण्यांत सर्वांत आवडला. डोंगलशी बोलतो तो ईसीएमच. त्याला करंट नसता, तो मेला असता, तर पडद्यावर काहीच आलं नसतं.

चाचांनी बॅटरी मोजली, १२.४ व्होल्ट. सेल्फ मारताना किती पडते तेही पाहिलं, साडेदहाच्या खाली गेली नाही. इंजिनाची अर्थ वायर तपासली. निम्मे आजार इथंच सापडतात, असं ते म्हणतात. टर्मिनलवरचा पांढरा बुरा खरवडला की बरे झालेले ईसीएम त्यांनी पुष्कळ पाहिलेत. फ्यूज, मेन रिले ठीक. मग एका सेन्सरचा प्लग काढून त्यांनी आत मीटर लावला. तिथं पाच व्होल्ट पाहिजेत, जेमतेम अर्धा होता. ईसीएम अनेक सेन्सरना एकाच वाटेनं पाच व्होल्ट पुरवतो. त्यातली एक वायर जरी बॉडीला टेकली तरी सगळ्यांचा पुरवठा खाली बसतो आणि सगळेच आजारी दिसतात. चाचा एकेक सेन्सरचा प्लग काढत गेले, डोळा मीटरवर. एसीच्या पाइपावरचा प्रेशर सेन्सर काढला तरी पाच व्होल्ट येईनात. त्याची वायर हातानं उचलली आणि काटा नीट झाला. वायर एका पत्र्याच्या कडेवर घासून सोलली होती. चिकटपट्टी, एक प्लास्टिकचा टाय, कोड पुसले. गाडी चालू. चाचांनी दोनशे रुपये मागितले. पाहुण्यांना ते इतके कमी वाटले की त्यांना निदानाबद्दलच शंका आली.

तात्या खचले नाहीत. "ईसीएमनंच खाल्ली ती वायर," ते म्हणाले.

ईसीएम कधीच जात नाही असं मात्र नाही. बॉनेट उघडून प्रेशरच्या पाण्यानं इंजिन धुतलं, डब्यात पाणी शिरलं, की जातो. पुढं लोखंडी गार्ड बसवताना बॅटरी न सोडता वेल्डिंग मारलं तर जाऊ शकतो. आणि जंप स्टार्ट देताना वायरी उलट्या लावल्या तर हमखास धोका. हा शेवटचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय. थंडीतली पहाट, शेजाऱ्याची गाडी उठेना, तात्या स्वतः जंप केबल घेऊन हजर. बॅटरी दाखवा म्हणून कुणी मोबाईलचा उजेड धरला, तर म्हणाले, "चाळीस वर्सं हातात हाय, उजेड कशाला?" लाल चिमटा काळ्यावर गेला. ठिणगी उडाली, जळका वास आला, डॅशबोर्ड अंधारला.

दुपारी चाचा आले. मेन फ्यूज बदलला. ईसीएमच्या प्लगपर्यंत करंट आहे, अर्थ आहे, बल्ब लावून पाहिलं तर लख्ख पेटतो. डोंगल लावला तर उत्तरच नाही. डबा उघडला, आतली पट्टी काळी पडलेली. आयुष्यात पहिल्यांदा ती घटका आली होती. सगळी गल्ली तात्यांच्या तोंडाकडं बघत होती, की आता ते वाक्य उच्चारतील आणि आता ते खरं असेल.

तात्यांनी डब्यावरून हात फिरवला.

"छ्या!" ते म्हणाले. "ईसीएम असा जात नसतो. लई मजबूत वस्तू हाय ती. वायरिंग बगा, उंदरानं खाल्लं असंल."

तेव्हा एमएच-२५ च्या हद्दीत कधी गाडी अडलीच, तर तात्यांना चहा जरूर पाजा, डोंगलही लावू द्या, कोडांचा फोटो काढून घ्या. चाचा येईपर्यंत तेवढाच वेळ बरा जातो. जंप केबल मात्र त्यांच्या हातात देऊ नका.