नानांच्या बागेत बिबट्या

"ऐकलंस का व? नानांच्या बागेतला बिबट्या काल रात्री गड्यांनी काठ्यांनी बडवला!"

आक्कांनी तारेच्या कुंपणावरून बातमी टाकली तेव्हा माझे हात बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, गरम पिठात होते. आमच्या ब्राह्मणपुरीत बिबट्या म्हटलं की कोणी घास टाकून धावत नाही. शहादा तालुक्यात ऊस आणि केळी वाढली, तशी सातपुड्यातून उतरलेल्या बिबट्यांना लपायला जागाही वाढली. पण हा बिबट्या वेगळा. फायबरचा. नानांच्या धाकट्याने कुठल्याशा हायवेवरच्या दुकानातून आणला आणि केळीच्या खुंटांमागे बसवला. तोंड कुठे, तर रस्त्याकडे!

"रात्रीची लाईट होती ना शेतीची," आक्का सांगू लागल्या. "पाणी भरायला गडी निघाला. बॅटरी मारली तर समोर डोळे चमकले. त्या कारागिराने डोळ्यांत काचेच्या गोट्या बसवल्यात. हा ओरडला, चौघे धावले, आणि मग काय! कान तुटून पडला तेव्हा कळलं, जनावर आतून पोकळ आहे."

"आणि नाना?"

"नाना खिडकीतून ओरडत होते, मारू नका, महागाचा आहे! लोकांना वाटलं, नाना घाबरून बडबडताहेत."

आता गोष्ट निघालीच आहे तर नानांची बाग सांगितली पाहिजे. पपईचे हंगाम लागोपाठ चांगले गेले, नानांनी आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, जुनं धाब्याचं घर पाडून बंगला बांधला. बंगल्यापुढे जागा उरली, जागेत लॉन आलं, आणि लॉन मोकळं दिसतं म्हणून एकेक पाहुणा येऊन बसू लागला. आधी फाटकावर दोन सिंह आले. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. "उघडं तोंड वहिनींचं, मिटलेलं नानांचं," हा आक्कांचा शोध गावभर झाला, आणि गंमत म्हणजे नानांनाही तो आवडला.

मी म्हटलं, "आक्का, सिंहांना हसू नका. माझी नणंद गोव्याला जाऊन आली. तिकडच्या जुन्या घरांच्या फाटकांवर सिंह तर आहेतच, पण बंदूक घेतलेले शिपाईसुद्धा उभे केलेत."

"शिपाईच आणायला हवा होता मग! निवडणुकीची वर्गणी मागणारे तरी परत गेले असते."

सिंहांमागून घोडा आला. सारंगखेड्याच्या यात्रेला नाना दरवर्षी जातात. दत्तजयंतीला भरणारा तो घोड्यांचा बाजार आपल्याच तालुक्यातला. उत्तरेतून, गुजरातेतून घोडे येतात, आणि चांगल्या जातीवंत घोड्याची किंमत लाखांच्या खाली नसते. नानांनी एकदा भाव विचारला, चहा घेतला आणि परत येताना रस्त्याकडेच्या मूर्तीवाल्याला सिमेंटच्या घोड्याची ऑर्डर दिली. "याला चारा नको, नाल नको," म्हणाले. खरं आहे, पण सिमेंटला पाणी लागतं. सळयांचा सांगाडा, त्यावर कोंबडीची जाळी, जाळीवर सिमेंट-वाळूचा थर, आणि मग ओलं गोणपाट गुंडाळून निदान आठवडाभर पाणी मारायचं, असं तो कारागीर बजावून गेला होता. घोडा बसला ऐन एप्रिलात, पारा 44 वर. पाणी मारायचं काम धाकट्याकडे आणि धाकटा मोबाइलवर. महिन्याभरात मागच्या पायाला चीर गेली आणि पावसाळ्यात आतली सळई गंजून लाल पाणी ओघळू लागलं. येणारा जाणारा विचारतो, घोड्याला लागलं का?

"घोड्याचं सोड," आक्का कुंपणाला टेकल्या. हे लक्षण गंभीर. "कारंज्यावरचा पोरगा पाहिलास ना?"

पाहिला नाही असा गावात कोण आहे? उघडाबंब, गुबगुबीत पोरगा. कारंज्याचं पाणी त्याच्याकडून जिथून पडायला नको तिथूनच पडतं. वास्तुशांतीच्या दिवशी नानांच्या आईने, म्हणजे आमच्या मोठ्या आईने, ते पाहिलं आणि भटजींसमोरच विचारलं, "याची माय कुठे गेली?" संध्याकाळपर्यंत पोरग्याच्या अंगावर पणतवाचं झबलं चढलं. वहिनी रोज काढतात, मोठी आई रोज घालते.

आक्कांचा नातू पुण्याला शिकतो. सुट्टीत आला होता. तो म्हणाला, "आजी, मोठी आईच बरोबर आहे. मूळ पोरगा ब्रुसेल्सला आहे, बेल्जियमच्या राजधानीत. ब्राँझचा, 1619 सालचा, जेमतेम 55 सेंटिमीटर उंच. मूळ मूर्ती आता संग्रहालयात ठेवलीय, रस्त्यावर तिची नक्कल आहे. आणि तिथले लोक त्याला कपडे चढवतात. देशोदेशीचे पाहुणे पोशाख भेट देतात. हजारावर पोशाख जमलेत त्याच्याकडे!"

मोठ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तिकडेही शहाणी माणसं आहेत."

त्या कारंज्याची खरी खोड मात्र वेगळीच. पाहुणे आले की ते चालू, पाहुणे गेले की वीजबिलाच्या भीतीने बंद. पाणी तसंच साचून राहतं. आशाताई घरोघर बघत फिरत होत्या, त्यांना खालच्या हौदात अळ्या सापडल्या. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात. आशाताईंनी हौद रिकामा करून घासून घेतला, कमळाच्या टाकीत गप्पी मासे सोडायला लावले आणि जाता जाता पोरग्याकडे बघून म्हणाल्या, "याला चालू ठेवा, नाहीतर कोरडा ठेवा. अधलंमधलं नको."

"आणि ते टोपीवाले?" मी विचारलं. लाल टोकदार टोप्या, पांढऱ्या दाढ्या, असे सात बुटके गुलाबाच्या वाफ्यात उभे आहेत. वहिनींना विचारलं हे कोण, तर म्हणाल्या, "शोभेचे."

"हिमगौरीचे सात बुटके असतील," आक्का म्हणाल्या. "पण मग हिमगौरी कुठे आहे? की ती माहेरी गेली?"

नातवाने त्याचाही छडा लावला. युरोपात खाणीत राबणाऱ्या बुटक्यांच्या जुन्या गोष्टी आहेत. जर्मनीत त्यांच्या भाजलेल्या मातीच्या बाहुल्या करू लागले. चार्ल्स आयशम नावाच्या इंग्लंडच्या एका जमीनदाराने 1847 मध्ये तसे 21 बुटके जर्मनीहून आणून आपल्या लॅम्पोर्टच्या बागेत मांडले. तिथून ते इंग्लंडभर पसरले. त्या 21 मधला एकच आज शिल्लक आहे, आणि तो जिवापाड जपलाय.

"असू दे की," आक्का म्हणाल्या. "त्यांच्याकडे त्याची गोष्ट आहे. पोराने विचारलं तर आजी सांगू शकते. आपल्या वहिनींना काय सांगता येणार? शोभेचे!"

इथे मला आक्कांचं पटलं, आणि आजवरच्या गप्पांत आक्कांचं पटलं असं फार वेळा झालेलं नाही.

पिठाच्या पातेल्यापाशी काकी बसली होती. धडगावकडची पावरी बाई, उन्हाळ्यात पापड-बिबड्यांच्या दिवसांत आम्हां दोघींकडे मदतीला येते. ती इतका वेळ ओल्या फडक्यावर बिबड्या थापत ऐकत होती. हात न थांबवता म्हणाली, "वाघ अंगणात नाही बसवत, बाई. आमचा वाघदेव शिवेवर असतो. त्याची पूजा द्यायची, आणि सांगायचं, तू तुझ्या जागी, आम्ही आमच्या जागी. तुमच्या नानांनी त्याला घरी बोलावला, मग मार खाणारच ना."

आम्ही दोघी गप्प. नवापूर ओलांडून डांगात शिरलं की वाघदेवाचे लाकडी खांब दिसतात. वाघ कोरलेला, वर सूर्य, चंद्र, कुठे नाग. कोरणाऱ्याला माहीत असतं कोणासाठी कोरतो, पुजणाऱ्याला माहीत असतं का पुजतो, आणि तो कुठे उभा करायचा हेही ठरलेलं. आमच्या नानांचा बिबट्या तिन्ही हिशेबांत नापास.

आक्कांनी लगेच आमची बाजू सावरली. "आपल्याकडेही होतंच की. गुलाबाई बसायची ना घरोघर! गुलाबाई, गुलोजी, कुंभाराकडून आणायचो. भाद्रपदी पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज गाणी, रोज खाऊ ओळखायचा. मातीची बाहुली, पण तिचं सासर-माहेर पाठ असायचं पोरींना."

तेवढ्यात वहिनी आल्या. थेट कुंपणापाशी, हातात बिबट्याचा तुटका कान. आक्कांचा आवाज क्षणात मधाळ. "या व वहिनी, आत्ताच विषय निघाला होता. छान दिसतो हो बिबट्या!"

काकीने फडक्यात तोंड लपवलं.

वहिनींना कान चिकटवायचा होता. घरात फेव्हिक्विक आहे का, विचारायला आल्या होत्या. मग बसल्याच. बोलता बोलता नवी बातमी त्यांनीच दिली: कोपऱ्यात आता जात्यावर दळणारी बाई बसवायची आहे. सिमेंटची. ओव्या म्हणते आहे असं वाटावं अशी. कोल्हापूरजवळ कणेरी मठात खेड्यातल्या जीवनाचे असे सिमेंटचे देखावे केलेत, बारा बलुतेदार, मोट, पेरणी, सगळं माणसाच्या उंचीचं. ते त्यांनी सहलीत पाहिलं आणि मनात भरलं.

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी आक्कांकडे. शेवटी मीच विचारलं, "वहिनी, तुमच्या घरात मोठ्या आईचं जातं होतं ना?"

"होतं. घर पाडलं तेव्हा भंगारवाल्याला दिलं. दगडी डोणीसकट. जागा अडवायचं."

म्हणजे खरं जातं किलोवर गेलं आणि खोट्या जात्याची ऑर्डर निघणार! काकीसुद्धा थापायची थांबली.

मग मात्र मला राहवलं नाही. माझा भाचा चंदीगडला नोकरीला असतो, त्याने दाखवलेली गोष्ट मी वहिनींना सांगितली. नेकचंद म्हणून बांधकाम खात्यात रस्त्यांचा निरीक्षक होता. नवं चंदीगड उभारताना जुनी गावं पाडली, त्यांतल्या फुटक्या कपबशा, फरशा, बांगड्यांचे तुकडे, दगडगोटे हा सायकलवरून गोळा करायचा आणि 1957 पासून जंगलातल्या सरकारी जागेत गुपचूप मूर्ती घडवायचा. माणसं, माकडं, नाचणाऱ्या बायका, सगळं भंगारातून.

"सरकारी जागेत? म्हणजे अतिक्रमण!" आक्का.

"अतिक्रमणच. अठरा-एक वर्षांनी साहेबलोकांना सापडलं. पाडायच्या गोष्टी झाल्या. पण लोकांना ते आवडलं. मग सरकारने 1976 मध्ये बाग खुली केली, त्यालाच पगारावर नेमला आणि हाताखाली 50 मजूर दिले. पुढे पद्मश्रीही मिळाली."

"आणि आपल्या गावात कोणी ओटा दोन फूट पुढे घेतला तर नोटीस," आक्का म्हणाल्या. तो त्यांचा जुना दुखरा विषय, म्हणून मी घाईने पुढे गेले.

"आणि अलिबागजवळ सासवण्याला नानासाहेब करमरकरांचं घर आहे. मोठे शिल्पकार. पुण्याचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, 1928 सालचा. त्यांनाही पद्मश्री मिळाली. राजे, पुढारी, मोठमोठी माणसं घडवणारा हा माणूस. घर आणि आवार आता शिल्पालय आहे, आणि बरीच शिल्पं साध्या सिमेंटची. तिथे बसलेली म्हैस आहे. इतकी खरी की लोक जवळ जाऊन हात लावून बघतात."

"म्हैस?" वहिनी हिरमुसल्या. "आमच्याकडे खऱ्याच चार आहेत."

"म्हणूनच," काकी म्हणाली. "रोज बघता ना. रोज बघितलेलंच हाताला नीट घडतं."

वहिनी थोडा वेळ कानाशी खेळत बसल्या. मग विचारलं, जातं भंगारवाल्याकडे अजून असेल का? आक्कांनी तिथल्या तिथे फोन लावला. कोणाच्या घरातलं काय कुठे गेलं याची नोंद आक्कांइतकी तलाठ्याकडेही नाही. जातं होतं. डोणी मात्र शहाद्याच्या एका हॉटेलवाल्याने नेली, तिच्यात आता शोभेची कमळं फुलतात आणि लोक फोटो काढतात. जातं वहिनींनी भंगाराच्या दुप्पट भावाने परत आणलं. ते आता पारिजातकाखाली आहे, आणि मोठी आई तिथे बसून पणतवाला त्या जात्यावर किती पायली दादर ज्वारी दळली ते सांगते. घोड्याची चीर सळई घासून, गंजरोधक लावून भरली. बुटके अजून उभे आहेत; त्यांची चौकशी कोणी करत नाही.

तेव्हा ब्राह्मणपुरीच्या कुंपणावर झालेला निवाडा असा: बाग जरूर सजवा, हौसेला मोल नाही. पण जे उभं कराल त्याची गोष्ट घरातल्या एका तरी माणसाला सांगता आली पाहिजे. सिमेंटला पाणी द्या, साचलेलं पाणी काढा, आणि अंधारात चमकणारं काही रस्त्याकडे तोंड करून ठेवू नका, कारण रात्रीची लाईट असते आणि माणसं शेतात जातात. आणि बाजारात जाण्याआधी एकदा आपल्याच माळ्यावर, गोठ्यात, खळ्यात डोकावून बघा. जातं, पाटा, उखळ, रुखवतातली पितळी भांडी, जे सापडेल ते भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा, हे कुठे ठेवू?