गल्ल्यामागची गुप्तहेर

गावात खून झाला की आधी नुकसान होतं ते मेलेल्याच्या घरच्यांचं. त्यानंतर कुणाचं? ज्याच्या दारात प्रेत सापडलं, त्या दुकानदाराचं. पोलीस पंचनामा करून निघून जातात. गिऱ्हाईक मात्र दुसऱ्या दिवसापासून समोरच्या बाजूने चालायला लागतं. भाडं थांबत नाही, पोऱ्याचा पगार थांबत नाही, दूधवाला पैसे मागायचा राहत नाही. इंग्रजीत ‘कोझी मिस्टरी’ नावाने खपणाऱ्या रहस्यकथा या रोकड्या भीतीवर उभ्या असतात. रिकामटेकड्या बायकांची करमणूक म्हणून त्यांना नाक मुरडणाऱ्यांशी माझं सरळ भांडण आहे.

डायॅन मॉट डेव्हिडसन यांची ‘केटरिंग टू नोबडी’ ही कादंबरी 1990 ची. कोलोरॅडोच्या डोंगरातलं छोटं गाव. गोल्डी नावाची बाई मारकुट्या डॉक्टर नवऱ्याला सोडून, मुलाला पदरात घेऊन जेवणाच्या ऑर्डरी घेते. एका अंत्यविधीनंतरच्या जेवणात तिच्या माजी सासऱ्यावर विषप्रयोग होतो. तपास पूर्ण होईपर्यंत पोलीस तिचा धंदा बंद करतात. आता ही बाई काय करेल? घरी बसून न्यायाची वाट बघेल? तिच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. ती शोधायला बाहेर पडते, कारण न शोधणं तिला परवडत नाही.

मिया मनान्साला यांच्या 2021 च्या ‘आर्सेनिक अँड अडोबो’मध्ये इलिनॉयमधलं फिलिपिनो कुटुंबाचं उपाहारगृह आहे. घरमालक जागा रिकामी करून घ्यायला टपलेला. त्यातच नायिकेचा माजी प्रियकर, जो उपाहारगृहांवर टीका लिहितो, तिथेच जेवताना कोसळतो आणि मरतो. घरचं दुकान वाचवायचं तर खुनी सापडलाच पाहिजे. शेरलॉक होम्सला कंटाळा घालवायला गुन्हा लागतो. या बायकांना महिन्याच्या 1 तारखेला भाडं द्यायचं असतं. मला दुसरं कारण अधिक पटतं.

बरं, दुकानदाराला हे जमेल का, हा प्रश्न विचारणाऱ्याने कधी गल्ल्यामागे बसून पाहिलेलं नसतं. कुणाच्या घरी पाच किलोचा तांदूळ दोन किलोवर आला, कुणाची उधारी साचत गेली आणि कुणाची एका सकाळी अचानक फिटली, हे किराणावाल्याला विचारायची गरज नसते. औषधाच्या दुकानात कोण कुणाच्या झोपेच्या गोळ्या न्यायला येतं, इस्त्रीवाल्याकडे कोणता शर्ट डाग घेऊन आला, पिठाच्या गिरणीत कोण आता एकट्यापुरतंच दळण टाकतं. पोलिसांना हे कळायला आठवडे लागतील. दुकानदाराला ते रोजच्या व्यवहारातून आपोआप कळलेलं असतं.

आणि गिऱ्हाईक ओळखणं एके काळी कायद्यानेच दुकानदाराच्या गळ्यात घातलं होतं. इंग्लंडमध्ये सोमल टाकून माणसं मारण्याचे प्रकार गाजायला लागले, तेव्हा 1851 मध्ये संसदेने सोमलाच्या विक्रीवर कायदा केला. विक्रेत्याने वहीत नोंद करायची, घेणाऱ्याने सही करायची, थोडा माल द्यायचा तर काजळी किंवा नीळ मिसळून द्यायचा. म्हणजे साखर समजून कुणी खाऊ नये. त्याहून मोठी अट अशी, की गिऱ्हाईक विक्रेत्याच्या ओळखीचं नसेल, तर ओळखीचा साक्षीदार आणल्याशिवाय विष द्यायचं नाही. विषाच्या आणि बळीच्या मध्ये संसदेने एक दुकानदार उभा केला होता.

अगाथा ख्रिस्तीला या वहीची ताकद बरोबर कळली होती. पहिल्या महायुद्धात तिने टॉर्कीच्या रुग्णालयातल्या औषधालयात काम केलं होतं. विषं तिच्या हाताखालून गेली होती. 1920 मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या कादंबरीत, ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’मध्ये, सगळा घोळ औषधाच्या दुकानातल्या विषाच्या वहीपाशी होतो. स्ट्रिक्निन कुणी नेलं? वहीत नाव आहे, सही आहे. पण विकणारा मदतनीस गावात येऊन जेमतेम पंधरवडा झालेला. तो चेहरे ओळखत नाही. खुनी कोण ते सांगून वाचकाची मजा घालवत नाही, पण जुना दुकानदार त्या दिवशी काउंटरवर असता, तर तो बेत तिथल्या तिथे कोसळला असता.

ही गोष्ट फक्त विलायतेतली नाही. 2013 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर असेच निर्बंध घातले: नोंदवही ठेवा, ओळखपत्र बघा, कशाला हवं ते विचारा, अठरा वर्षांखालच्यांना देऊ नका. मुलींच्या चेहऱ्यांवर अ‍ॅसिड फेकणाऱ्याला अडवायची पहिली जागा दुकानाचा काउंटर आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. जो दुकानदार ती वही भरत नाही, तो नुसता नियम मोडत नाही. तो आपली जागा सोडून पळतो.

दहा मिनिटांत सामान घरी आणून देणाऱ्या अ‍ॅपांबद्दल माझी तक्रार इथेच आहे. पिशवी दाराशी पोचते, पण पाठवणाऱ्याला घेणारा दिसत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हातारीने चार दिवस दूध नेलं नाही, हे त्या गोदामात कुणाच्या लक्षात येणार? कोपऱ्यावरचा दुकानदार पाचव्या दिवशी पोऱ्याला वर पाठवतो. ही माहिती नव्हे, ही दखल आहे, आणि ती आपण सूट मिळते म्हणून विकून टाकली.

या कादंबऱ्यांतही खोट आहे, ती झाकायची नाही. जोआन फ्ल्यूक यांची हॅना स्वेन्सन मिनेसोटातल्या लेक ईडन गावात बिस्किटांचं दुकान चालवते. पहिल्याच पुस्तकात दुकानामागे डेअरीचा माणूस गाडीत गोळी लागून मेलेला सापडतो. पुढे पंचवीसहून अधिक पुस्तकं झाली, म्हणजे प्रेतंही तेवढी तरी झाली. तरी गाव हसतमुख! माणूस मेला, आणि दोन पानांवर बिस्किटांची कृती. दूध टाकणाऱ्याच्या घरी त्या रात्री काय झालं असेल, हे लेखिकेने थांबून विचारायला हवं होतं. मेलेल्या माणसाचा असा वापर मला सोसत नाही.

दुसरी खोट त्याहून मोठी. दुकानदाराने ज्याच्यावर संशय घ्यायचा, तो उद्या सकाळी पाव न्यायला येणारच असतो. फौजदार बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात जातो. दुकान तिथेच राहतं. खरं बोलावं तर गिऱ्हाईक तुटतं, गप्प बसावं तर निरपराध माणूस अडकतो. पोलिसांसमोर तोंड उघडणारा वाणी दहा घरांची उधारी बुडीत खात्यात टाकायला तयार झालेला असतो. त्याचं धाडस पिस्तूल चालवणाऱ्यापेक्षा कमी नाही. इतकी मोठी गोष्ट हातात असून बहुतेक लेखक ती चहाच्या कपात बुडवतात.

आणि इथे आपली पाळी आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहून दोन पिढ्यांना वाचायला लावलं. झुंजार आणि काळा पहाड हे नायक आपल्याला दिले, त्यांचं ऋण आहेच. पण गल्ल्यामागच्या माणसाला आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून बाहेर काढलं पाहिजे. पोळी-भाजी केंद्र चालवणारी बाई रोज शंभर डबे भरते. कोणता डबा न उघडता परत आला, हे तिला माहीत असतं. इतका चांगला धागा कोणत्या फौजदाराच्या हाती लागतो?

दिवाळी अंकांच्या संपादकांनो, यंदा ही कथा मागवा. लिहिणाऱ्याला सांगा, आधी आठवडाभर एखाद्या दुकानात बसून ये. मानधन चोख द्या. आणि कथेत मेलेल्या माणसाच्या घरी एकदा तरी जाऊन या.