पत्रकाका

प्रत्येक घराण्यात एक पत्रकाका असतात. निवृत्तीनंतर माळा आवरायला म्हणून चढतात आणि जुन्या पत्रांची तार घेऊन उतरतात. माळा तसाच राहतो. त्यानंतर बारसं असो की बारावं, त्यांच्या खिशातून एक कार्ड निघतंच.

वाचनाआधी प्रस्तावना असते. पोस्टकार्ड १८७९ साली एका पैशाला निघालं, पत्त्यात पिनकोड दिसला तर कार्ड १९७२ नंतरचं समजावं, वगैरे. मग ‘सा. न. वि. वि.’ येतं. एका नातसुनेने ‘ही कुठली डिग्री?’ म्हणून विचारलं, तेव्हा आमच्या पत्रकाकांनी पंगत थांबवून साष्टांग नमस्कारापासून सुरुवात केली. वाढपी उभेच.

अशुभाचं कार्ड वाचून लगेच फाडायची रीत होती. त्यामुळे तारेवर शोधाल, तर आमच्या कुळात आजवर कुणी गेलेलंच नाही.

बाकी उघडं कार्ड म्हणजे पोस्टमन वाचणार, शेजारी वाचणार, वाड्यातला भाडेकरूही वाचणार. तिथे माया दाखवायची सोय नाही. पणजोबा तर जमदग्नी. मुलाला लिहितात, ‘उधळपट्टी करू नये. तूप संपल्यास कळवावे.’ इथे काकांचा गळा दाटतो. ‘तुपात आलं बघा सगळं!’ असं म्हणून ते डोळे पुसतात. आणि मला विचाराल तर खरंच आलंय.

स्वतः काका मात्र काकूंना ‘अगं ए’च्या पुढे गेलेले नाहीत. फोनवर ‘हं. ठेव.’ मोबाइलवर नुसता अंगठा.

परवा त्यांना तारेवर स्वतःचंच कार्ड सापडलं. नव्या नोकरीच्या गावाहून आईला धाडलेलं. ‘घरातील सर्वांची प्रकृती जपावी. सर्वांचा खोकला थांबला का? सर्वांना रात्री दूध द्यावे. सर्वांना जागरण करू देऊ नये.’

‘पाहा,’ काका आम्हाला म्हणाले, ‘एकत्र कुटुंबावर केवढा जीव होता माझा!’

‘कुटुंब कसलं,’ काकू आतून म्हणाल्या. ‘खोकला मला एकटीला होता. सासूबाईंनी त्याच दिवशी ओळखलं. रोज रात्री माझ्यापुढे पेला ठेवून म्हणायच्या, हं, प्या सर्वांनी!’