पिच्चर, वेताळ आणि घरचं

दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ही लोहाऱ्यात पाराच्या खालोखाल बोलण्याची जागा आहे. पारावर बसायला गावात असावे लागते, ग्रुपला ती अट नाही. त्यामुळे निम्मी बॅच पुणे-चाकणच्या कारखान्यांत, काही सोलापुरात, दोन-चार लातुरात आणि उरलेली सोयाबीन-तुरीच्या रानात असली तरी ग्रुप भरलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ साली एका ग्रुपात १०२४ माणसांची सोय केली. लोहाऱ्याच्या बॅचला साठ-सत्तर पुरतात, आणि त्यांतली बोलणारी आठ. बाकीची नुसती वाचतात आणि पोळ्याला गावी आली की कोण काय म्हणाले होते ते तारखेसकट सांगतात. शाळेत ज्या मुलींशी एक शब्द बोलायची छाती झाली नव्हती, त्यांना इथे सगळे ‘ताई’ म्हणतात. ताईंच्या चौकटीत बहुधा नवऱ्याचा फोटो असतो, तेव्हा हा सावधपणा योग्यच म्हणायचा.

मान्य विषय तीन : पिच्चर, लहानपणची कॉमिक्स आणि सोयाबीनचा भाव. राजकारणाला ॲडमिनने बंदी घातलेली असते, म्हणजे ते फक्त ॲडमिन करतो. घरचे बोलणे यादीत कुठेच नाही आणि ग्रुप चालतो तो त्याच्यावरच. मराठवाड्यात पन्नाशीला टेकलेला गडी मन मोकळे करायला बसत नाही. तो पिच्चरचे नाव काढतो.

पिच्चरच्या चर्चेत दिग्दर्शन, छायालेखन वगैरे येत नाही. तो कुठे, कुणाबरोबर आणि कुणाच्या पैशांनी पाहिला, इथून सुरुवात होते. घरी न सांगता एसटीने सोलापूर गाठून पाहिलेला सर्वांत श्रेष्ठ, टीव्हीवर पाहिलेला कनिष्ठ. १९९१ सालच्या ‘माहेरची साडी’चे नाव निघाले की कुणीतरी लिहितो, “आमची माय लय रडली होती.” पाच मिनिटांत कळते की मायचे गुडघे गेलेत, डॉक्टरने दोन्ही बदलायला सांगितलेत आणि धाकटा भाऊ खर्चाचा विषय निघाला की फोन उचलत नाही. अलका कुबल यांचे काम कसे झाले होते, हे राहूनच जाते.

‘सैराट’ची गोष्ट वेगळी. नागराज मंजुळे यांचे जेऊर शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, त्यामुळे २९ एप्रिल २०१६ रोजी लागलेला हा पिच्चर ग्रुपला घरचा वाटतो, आणि तीच अडचण आहे. गाण्यांवर सगळे बोलतात. शेवटावर कुणी बोलत नाही, कारण ग्रुपात सगळ्या आळ्यांची माणसे आहेत आणि बऱ्याच जणांच्या मुली आता कॉलेजात जातात. “शेवट तसा नको होता,” एवढे एकजण लिहितो. तिघे अंगठा दाखवतात. मग कुणीतरी घाईघाईने ‘गुड नाईट’चा गुलाब टाकतो. तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात.

कॉमिक्सकडून घरी पोचायला वाट जरा लांबची, पण पक्की आहे. ली फॉक यांनी वेताळ १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आणला. १९६४ ते १९९० चाललेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून तो मराठी बोलू लागला आणि स्टँडवरच्या बुकस्टॉलवरून, भूगोलाच्या पुस्तकात दडून वर्गावर्गांत शिरला. मुखवट्यामागचा चेहरा कसा असेल, हा त्या वयाचा प्रश्न होता. आता प्रश्न बदललेत. बापामागून पोरगा, अशा एकवीस पिढ्या एकाच कवटीच्या गुहेत नांदल्या, तरी वाटणी कशी झाली नाही? वारस लावायला तलाठ्याकडे कोण गेले? चुलत्याने बांध कसा कोरला नाही? हे लिहिणाऱ्याचा सख्ख्या भावाशी तीन एकरांवरून दावा चालू आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. सगळे हसण्याची चित्रे टाकतात, आणि त्यांच्याखाली हळूच एक ओळ येते : “तारीख कधी हाय रं?”

वेताळाचे डायनाशी लग्न लागले १९७७ साली, म्हणजे आगमनानंतर ४१ वर्षांनी. ही माहिती ग्रुपात पडली की शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही, या विषयाला तोंड फुटते. जंगलात गुहेत राहणाऱ्याला मिळाली आणि सहा एकर बागायत असलेल्या पुतण्याला मिळेना, यावर कुणाकडेच उत्तर नसते. पुण्यातले त्यावर बोलत नाहीत. त्यांनी आपल्या मुलींसाठी नोकरीवाला पाहायचे कधीच ठरवलेले असते.

कधीकधी रात्री अकराच्या पुढे एखादा लांबलचक मेसेज येतो आणि वाचून होण्याआधी पुसला जातो. मेसेज पुसल्याची खूण तेवढी राहते. ग्रुपात त्यावर कुणी काही विचारत नाही, पण त्या माणसाचा फोन तासभर एंगेज लागतो.

एक वाद मात्र दरवर्षी गणपतीत निघतो. १९९३ साली मंडळाने भाड्याच्या व्हीसीआरवर शेवटचा पिच्चर कोणता लावला होता? त्या वर्षी विसर्जन २९ सप्टेंबरला झाले, गावे दमून झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लोहारा तालुक्यातले सास्तूर त्यात जमीनदोस्त झाले. वादात एकजण ‘अशी ही बनवाबनवी’ म्हणतो, दुसरा ‘फूल और काँटे’, तिसरा शपथेवर सांगतो की व्हीसीआर बिघडलाच होता. नावांची यादी लांबत जाते आणि सगळे एकमेकांना खोटे पाडतात. सास्तूरकडचा एकजण उशिराने एक नाव लिहितो. ते कुणी खोडत नाही.

मग थोड्या वेळाने ॲडमिन विचारतो, आज सोयाबीनला काय भाव फुटला.