धानाच्या गावी बासमती

गोंदियाची ओळख धान. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा वाट्याला आल्या त्या बांध्या, मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि राइस मिल. आता इथल्या एखाद्या फॅमिली रेस्टॉरंटात बसून मेन्यूकार्ड उघडा. पनीर बटर मसाला, पनीर टिक्का मसाला, कढाई पनीर (ग्रेव्ही एकच, हे वेगळे सांगायला नको), मग हक्का नूडल्स. आणि भाताच्या पानावर मोठ्या दिमाखात बासमती! त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते पंजाब-हरियाणाकडच्या पट्ट्यासाठी. महाराष्ट्र त्यात नाही. म्हणजे शेजारच्या मिलमधून कोंडा उडत टेबलावर येतो, तांदूळ मात्र परप्रांतातून, वर पाच टक्के जीएसटी.

एचएमटी मागून पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या दीडेक एकरात निवडून काढलेला हा वाण. वेटरला वाटते, तुमचे घड्याळ हरवले. चिन्नोर या तांदळाचे नाव घेतले तर तो ‘पनीर चिन्नोर’ लिहून घेईल. लाखोळीची डाळ, तलावातली मासोळी, वडाभात? मिळते ना. मालकाच्या घरून येणाऱ्या डब्यात.