मोरब्याचा समुद्र

नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं धरण आहे. खालापूर तालुक्यात, धावरी नदीवरचं मोरबे. स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या महापालिका फार नाहीत, त्यामुळे इथल्या माणसाला त्याचा रास्त अभिमान असतो आणि पुण्याचा पाहुणा आला की तो पाण्याचा विषय स्वतःहून काढतो. मोरब्याचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होतं, नेरुळला आमच्या नळाला येतं, आणि लोक ते पितात. मी त्यात मीठ घालतो.

चिमूटभर नव्हे. लिटरला पस्तीस ग्रॅम. हॉलमधला समुद्री माशांचा आणि प्रवाळांचा टँक चारशे लिटरचा, म्हणजे एकदा भरायला चौदा किलो, आणि पुढे दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं त्याचं वेगळं. हे मीठ जर्मनीहून नाहीतर इस्रायलहून बादलीत येतं. उरण-पेणकडे पिढ्यानपिढ्या मीठ पिकलं, पण ते चालत नाही. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियम आधी तळाला बसतं, मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्यात राहतं आणि मधे जे हाती लागतं ते मीठ. आमटीला तेवढं पुरतं. प्रवाळाला मात्र लिटरला कॅल्शियम ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३००, आणि दोन्हीचं एकमेकांशी जमलेलं असावं लागतं.

त्याआधी मोरब्याच्या पाण्यात जे काही आहे ते काढून टाकायचं. ज्या क्लोरीनमुळे आपण ठणठणीत राहतो त्याने माशांचे कल्ले भाजतात. म्हणून आधी कार्बन, मग आरओ, आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार टिपणारी डीआयची नळकांडी. एक लिटर निर्मळ पाणी मिळेपर्यंत तीनेक लिटर बाजूच्या नळीतून वाहून जातं. ते बादल्यांत धरतो. आमच्या घरची लादी दिवसातून दोनदा पुसली जाते, कारण दुसरा इलाज नाही. अशा रीतीने पाण्याचा टीडीएस शून्यावर आणला, की त्यात मीठ घालून तो पस्तीस हजारांवर न्यायचा. बायकोला हा हिशेब मी एकदा समजावून सांगितला. ती लेखापरीक्षक आहे. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

बाकीचे विचारतात. "खाडी एवढी जवळ आहे, दोन कॅन भरून का आणत नाही?" हा प्रश्न आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक घराने एकदा तरी विचारला आहे. ठाण्याची खाडी चांगलीच आहे, २०२२ साली ती रामसरच्या यादीतही गेली. सांडपाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर तिच्यात शेवाळ वाढतं, त्या शेवाळावर हजारोंनी फ्लेमिंगो उतरतात, आणि शहर चौकाचौकांत त्यांचे पुतळे उभारतं. माझ्या टँकमध्ये फॉस्फेट ०.१ च्या वर गेलं की दगडांवर असंच हिरवं शेवाळ येतं. ते बघायला कुणी होडी करून येत नाही. मेव्हणा येतो, आणि किती दिवस धुतला नाही म्हणून विचारतो.

खरी चीड वरळीच्या प्रवाळांची येते. २०२० साली कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरचे प्रवाळ हलवायची वेळ आली, तेव्हा कुठे बऱ्याच मुंबईकरांना कळलं की आपल्याकडे प्रवाळ असतात. रीतसर परवानगी काढली, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा सल्ला घेतला, प्रवाळ उचलून दुसरीकडे बसवले. बहुतेक जगले! म्हणजे पावसाळ्यात गढूळ, उन्हाळ्यात कोमट, बारा महिने नाल्यांच्या शेजारात वाढलेली ही मंडळी, मुळासकट हलवली तरी जगली. माझा लेदर कोरल हॉलचा पडदा बदलला तरी आठवडाभर मिटून बसतो. त्याच्या पाण्याचं तापमान २६ अंश आहे. मे महिन्यात आमचं ३३ असतं. चिलर पाण्यातली उष्णता काढून घेतो आणि हॉलमध्ये सोडतो, जिथे आम्ही बसतो.

पाहुण्यांना हा कोरल दिसत नाही. "समुद्री घोडा नाही का?" नाही. समुद्री घोडे आणि दगडी प्रवाळ २००१ सालीच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला जाऊन बसले. माझ्याकडे मऊ प्रवाळ आहेत. मऊ म्हटल्यावर पाहुण्यांचा चेहरा पडतो. मग ते निमोकडे, म्हणजे क्लाउनफिशकडे वळतात, आणि २००३ च्या सिनेमातलं बापाचं प्रेम भाच्याला समजावून सांगतात. खरं तर निमोची आई गेली की त्याचा बाप महिन्या-दोन महिन्यांत मादी होतो. या जातीत तशीच रीत आहे. हे मी एकदा मुलाच्या वाढदिवसाला सांगितलं. त्यानंतर वाढदिवसाला माझ्याकडे फक्त आइस्क्रीम वाटायचं काम असतं.

रविवारी टेस्ट. नायट्रेटची किट म्हणजे काचेच्या बाटलीत थोडं पाणी, दोन पावडरी, तीन मिनिटं थांबणं, आणि मग पाण्याला जो गुलाबी रंग येईल तो छापील पट्टीशी जुळवायचा. पट्टीवर पाच चौकोन, एकापेक्षा एक गडद. ट्यूबलाइटखाली ते पाणी पाचवर दिसतं, खिडकीपाशी दहावर, बाल्कनीत पंचवीसवर. मी आयुष्यात गुलाबी हा एकच रंग समजत आलो. बायकोने बाटली उजेडात धरली आणि सांगितलं, "अहो, हा राणी नाही. आणि हा खालचा चौकोन तर चक्क गुलबक्षी आहे. तुमचं पाणी या दोघांच्या मधे, थोडं अबोलीकडे झुकलेलं." अबोली पट्टीवर नाहीच. तेव्हापासून माझ्या वहीत काही रविवारांचं नायट्रेट आकड्यात आहे आणि काहींचं साड्यांत.

नायट्रेट वाढतं कशाने, हेही सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त आईला मान्य नाही. तिच्या मते टँकमधली लेकरं उपाशी आहेत. दिवसातून दोनदा मोजून खाणं घालायचं, उरलेलं सडतं, त्याचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, असं मी तिला चित्र काढून दाखवलं. तिने चित्र नीट पाहिलं. "म्हणजे एवढ्या सगळ्यांची पोटं त्यावर चालतात," ती म्हणाली, आणि संध्याकाळी पोळीचा तुकडा कुस्करून टाकला. एकादशीला मात्र पोळी नसते. त्या दिवशी स्किमरच्या कपात साबुदाणा निघतो. स्किमर म्हणजे पाण्यात बारीक बुडबुडे सोडून घाण फेसावाटे वर काढणारं यंत्र. त्याच्या कपात जमणाऱ्या तपकिरी पाण्याचा वास सोमवारी सकाळी धुताना जिन्यापर्यंत जातो. खालच्या मजल्यावरचे काका दोन वर्षं त्याला आमच्याकडे सुकट भाजतात असं समजत होते. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही. सुकटीला सोसायटीत मान्यता आहे.

रोज चार-पाच लिटर पाणी उडून जातं. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून वरून गोडंच पाणी घालायचं. कामाला येणाऱ्या मावशींना हे पटत नाही. समुद्रात गोडं पाणी ओतणाऱ्या माणसाकडे त्या ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने माझ्याकडे आजवर फक्त बँकेत पाहिलं गेलं आहे. वीज दुरुस्तीसाठी चार तास जाणार असेल तर इन्व्हर्टरवर हॉलचा पंखा किंवा टँकचा पंप, दोन्हीपैकी एकच चालतो. पंप बंद पडला की पाण्याचा वरचा थर हलत नाही आणि ऑक्सिजन उतरायला लागतो. पंखा बंद पडला की नातेवाईक उतरतात, खाली बागेत. डासांच्या धुराचा माणूस सोसायटीत आला, की आधी माझ्या खिडक्या बंद होतात आणि टँकवर ओली चादर येते, कारण त्या धुरातलं औषध कोळंबीला डासाइतकंच लागू पडतं. डासांचा बंदोबस्त नको असलेला इमारतीतला मी एकमेव रहिवासी, असा ठराव अजून इतिवृत्तात आलेला नाही, पण चर्चा आहे.

कोळंबीचं म्हणाल तर आमच्याकडे एक पिस्तूल कोळंबी आहे. ती बिळात राहते, दिसत कधीच नाही, आणि रात्री दोन वाजता पंजा असा वाजवते की काचेला तडा गेल्याचा भास व्हावा. मी उठून बॅटरीने चारही काचा तपासतो. क्रोमिस नावाचे निळसर-हिरवे मासे थव्याने राहतात असं दुकानदाराने सांगितलं म्हणून थवा आणला. थव्याने आपसांत निवडणूक घेतली. आता एकच आहे, आणि तो अत्यंत समाधानी दिसतो.

या सगळ्या खटाटोपात न मागता, न विकत घेता आलेलं एकच जित्राब आहे: ऐप्टेशिया. दगडाला चिकटून फुकट आलेलं तपकिरी समुद्रफूल. त्याला कॅल्शियम नको, चिलर नको, नायट्रेट जितकं जास्त तितकं त्याला बरं. उपटायला गेलात तर तुटतं आणि प्रत्येक तुकड्याचं नवीन फूल होतं. शेजारच्या कोरलला ते डंख मारतं. टँकमध्ये आता सगळ्यांत भरघोस तेच आहे. गेल्या महिन्यात हळदीकुंकवाला आलेल्या देसाई काकू काचेपाशी बराच वेळ थांबल्या. लेदर कोरलकडे त्यांनी पाहिलं नाही, निमोकडे पाहिलं नाही. ऐप्टेशियाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे किती गोड आहे हो! याची एखादी फांदी मिळेल का लावायला?"

मी त्यांना डबा घेऊन यायला सांगितलं आहे. मीठ त्यांनी त्यांचं आणायचं.